फ्रिजवरचं लाल पाकीट

१

व्हेरोना पाल्कोचा कमरेचा पट्टा चोरीला गेला, आणि तोही तिच्या घरी येण्याआधीच.

बुधवारी सकाळी इर्मा हुडाक नेहमीप्रमाणे तिच्याकडे कॉफीला गेली, तेव्हा व्हेरोना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत ताठ बसली होती. हौस म्हणून नव्हे. तीन आठवड्यांपूर्वी बर्फावरून घसरून तिचा पाठीचा एक मणका चेपला होता आणि जरा वाकलं की कळ मस्तकात जात होती. डॉक्टरांनी मापाचा कडक पट्टा लिहून दिला होता. तीन महिने तो बांधला तर घरात एकटीने राहायला हरकत नव्हती. नाहीतर कुणीतरी सतत जवळ हवं.

टेबलावर विमा कार्यालयाचं पत्र पडलं होतं.

"वाच," व्हेरोना म्हणाली. "एकतर त्यांचं डोकं फिरलंय, नाहीतर माझं."

इर्माने चष्मा लावला. पासष्टीनंतर सगळ्यांना मिळतो तोच सरकारी विमा. पत्रात लिहिलं होतं की श्रीमती पाल्को यांना गेल्या चौदा नोव्हेंबरला कमरेचा पट्टा देण्यात आला आहे, त्यामुळे नियमाप्रमाणे इतक्यात दुसरा मंजूर होणार नाही.

"नोव्हेंबरात तुझी पाठ तर ठणठणीत होती."

"नाचले होते मी ॲग्नेसच्या नातीच्या लग्नात! पट्टा कुठला नि काय." व्हेरोनाचा आवाज खाली आला. "डेनिसला फोन केला होता. तो म्हणतो, आई, तू फोनवर कुणालातरी कार्डाचा नंबर दिलास आणि विसरलीस. म्हणतो, पट्ट्याचे पैसे मी भरतो, पण जी बाई नंबर देऊन विसरते तिने एकटीने राहू नये. शनिवारी येतोय विमानाने. ॲरिझोनात त्याच्या घराजवळ वृद्धांची खोली बघून ठेवलीय त्याने."

या खोऱ्यातली पोलादाची गिरणी बंद पडली, नवरे गेले, मुलं उन्हाच्या प्रदेशात पांगली, तरी कार्व्हर्स रन गावातल्या या बायका जागच्या हलल्या नव्हत्या. इर्माने एकतीस वर्षं इथल्या पोस्टाच्या खिडकीत काढली होती. कुणाचं पत्र यायचंय आणि कुणाचं येणार नाही हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. व्हेरोनाचा चेहरा तिने दुसरीच्या वर्गापासून वाचला होता. आज त्यावर तिने पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं.

"इर्मा," व्हेरोना म्हणाली, "मी खरंच दिला असेल का गं नंबर?"

२

दुपारी डॉक्टरांच्या दवाखान्यात दोघी गेल्या. खिडकीतल्या मुलीने फाइल उलटसुलट करून एक कागद काढला.

"हा नोव्हेंबरात फॅक्सवर आला होता. पट्ट्याच्या कंपनीकडून. आमच्या डॉक्टरांनी सही केली नाही. मग त्यांनी दुसऱ्याच राज्यातला कुठलातरी डॉक्टर गाठलेला दिसतोय."

इर्माने कागद खिडकीतच वाचून काढला. नाव, पत्ता, विम्याचा नंबर, हृदयाच्या दोन गोळ्या. अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं: इर्मा हुडाक, पुढे तिचाच फोन. आणि शेवटी, ॲलर्जी: अक्रोड.

"कमरेच्या पट्ट्याला अक्रोड कशाला हवा?" इर्मा म्हणाली.

खिडकीतली मुलगी फाइल चाळत होती. "आमच्याकडे अक्रोडाची नोंदच नाही."

"नसणारच," व्हेरोना हळूच म्हणाली. "मला ॲलर्जी नाहीये."

"ते मला माहीत आहे. गेल्या ईस्टरला माझा अख्खा अक्रोड भरलेला गोड रोल तू एकटीने संपवलास."

"तुझा संपवला. स्टेलाचा रोल कधी खाल्लायस? लाकडाचा भुसा! दर सणाला आणून हातात ठेवते, आणि मी खाईपर्यंत समोरून उठत नाही. म्हणून एकदा मोठ्याने सांगितलं, लिही, अक्रोडाची ॲलर्जी. स्टेलाला ऐकू जावं म्हणून." व्हेरोना थबकली. "ऑक्टोबरात. चर्चच्या तळघरात. ती लाल पाकिटं फुकट वाटली ना, तेव्हा. तू नव्हतीस, तुझं मोतीबिंदूचं होतं. त्या एका कागदाशिवाय ही थाप मी कुठेही मारलेली नाही."

इर्मा गाडीकडे निघाली. ते लाल पाकीट गेले पाच महिने व्हेरोनाच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाने चिकटलेलं होतं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना आजार-औषधांची माहिती चटकन सापडावी म्हणून.

म्हणजे जो कुणी व्हेरोनाच्या स्वयंपाकघरात आला, त्याला ते सापडणारच होतं.

३

घरी येऊन इर्माने पाकिटातला कागद काढला. अक्षर इतकं फिकट जांभळं की वाचायला खिडकीशी जावं लागलं.

"पेन संपत आलं होतं वाटतं."

"मलाही कधी धड वाचता आलं नाही," व्हेरोना म्हणाली.

अक्षर डॉली युर्कोचं, गोल गोल. त्यात नवल नव्हतं. चर्चमधली प्रत्येक यादी, प्रत्येक पाटी डॉलीच्याच हातची असायची.

"या स्वयंपाकघरात कोण कोण येतं?"

"तू. दर बुधवारी रेने. नळ गळला तर मिलान. आणि अधूनमधून डॉली."

मिलान व्हेरोना राहायची त्या इमारतीची डागडुजी बघायचा, आलेली खोकी दारापर्यंत पोचवायचा. तळमजल्यावर शिडीवर उभा होता.

"नोव्हेंबरात व्हेरोनाबाईंचं एकही खोकं आलं नाही," तो म्हणाला. "सगळी वहीत लिहून ठेवतो मी. दुसऱ्या एकीची मात्र खंडीभर येतात."

"कुणाची?"

"मिस इर्मा, तुम्ही पोस्टात असताना माझ्या आईने विचारलं होतं, मिलानला कुठल्या मुलीची पत्रं येतात. सांगितलं होतंत?"

"नव्हतं."

"मग मीही नाही सांगत."

इर्माला रागही आला आणि कौतुकही वाटलं.

वर आली तर रेने आली होती. चाळिशीची, हसरी, घरकामाला मदत करणारी बाई. फ्रिजसमोर उभी राहून फोनने फोटो काढत होती. व्हेरोना खुर्चीतून तिच्याकडे बघत होती.

"फोटो कसला काढतेस गं?" व्हेरोनाने विचारलं.

"सामानाची यादी, मिस व्हेरोना. दर आठवड्याला काढते. तुम्हीच तर इथे लावता."

यादी लाल पाकिटाच्या अगदी शेजारी होती.

"दर आठवड्याला," व्हेरोना म्हणाली. "बरं. पुढच्या आठवड्यापासून तू येऊ नकोस."

रेने एकदा व्हेरोनाकडे, एकदा पाकिटाकडे बघत राहिली. मग तिला कळलं. तिने कोट चढवला आणि दाराशी जाऊन म्हणाली, "तुम्ही पडलात तेव्हा ॲम्ब्युलन्सला ते पाकीट मीच काढून दिलं होतं. आठवतंय का?"

दार बंद झालं. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं. बाहेर डॉली युर्को उभी होती. बुटकी, गोल चेहऱ्याची, हातांत पांढरे सुती मोजे. दोन वर्षांपासून पिठाने तिच्या हातांना पुरळ उठत होतं.

"पट्टा नाकारला असं कळलं," ती म्हणाली. "माझ्याकडे स्टीव्हचा जुना पडला होता. गिरणीत पाठ दुखायची ना त्याची. तात्पुरता बांध."

पट्टा व्हेरोनाला फारच मोठा होता, पण तिचे डोळे भरून आले. "बघ, माणसं अशी असतात," ती इर्माला म्हणाली.

इर्मा पट्टा उलटासुलटा करत होती. डॉलीच्या नवऱ्याला, स्टीव्हला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. गिरणीतल्या माणसाचा पट्टा, आणि त्याच्या चिकटपट्टीच्या काट्यांत कपड्याचा एकही धागा अडकलेला नव्हता.

४

गुरुवारी सकाळी चर्चच्या तळघरात पिरोही वळायचं काम होतं. ईस्टरआधीच्या उपवासाच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी अख्खं गाव बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या या पिरोहींसाठी रांग लावतं, आणि त्यासाठी दर गुरुवारी तीसेक म्हाताऱ्या लांब टेबलांशी उभ्या राहतात. इर्माच्या लहानपणी तिची आई याच टेबलाशी उभी असायची आणि गिरणीच्या दहाच्या भोंग्यावर कामाला हात घालायची. आता भोंगा नाही, पण बायकांचे हात अजून दहालाच चालू होतात.

व्हेरोना एका खुर्चीत बसून कडा दाबत होती. तिची हकिगत एव्हाना टेबलभर झाली होती.

"मलाही आलंय तसलं पत्र!" ॲग्नेस टिमको म्हणाली. "माझ्या नावावर दोन गुडघ्यांचे पट्टे! माझे गुडघे एकवीस वर्षांच्या पोरीसारखे आहेत."

"पोरीसारखे कसले, पोरीने टाकून दिल्यासारखे," स्टेला म्हणाली.

टेबल हसलं. इर्मा हसली नाही. "ॲग्नेस, तुझं लाल पाकीट कुठे आहे?"

"फ्रीझरमध्ये. कॉफीच्या डब्यात. आंबट कोबीच्या पिशव्यांखाली."

"ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिथे शोधायचं होय?"

"आमचं घर जळलं तेव्हा बर्फाच्या पेटीत होतं तेवढंच वाचलं. आईने शिकवलंय. आणि माझ्या घरात चिटपाखरूही येत नाही हे तुला ठाऊक आहे."

ॲग्नेसचं घर चर्चच्या समोरच. इर्माने तिला पाकीट आणायला पिटाळलं. दहा मिनिटांत ती गारठलेला डबा घेऊन आली. आत पाकीट, पाकिटात कागद, कागदावर तेच फिकट जांभळं अक्षर.

म्हणजे फ्रिजच्या दाराशी कुणी चोर आलाच नव्हता. आणि काल एका भल्या बाईला दार दाखवलं होतं.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन खणखणला. कुणीच हलेना. सगळ्यांचे हात मनगटापर्यंत पिठात. कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी वही-पेन घेऊन बसलेली डॉली उठली, फोन घेतला आणि दोरी ताणून स्टेलाच्या कानाशी धरला. स्टेला बोलली, मग डॉलीने तोच फोन ॲग्नेसच्या कानाशी नेला. कुणी आभार मानले नाहीत, कुणी मान वर केली नाही. ती रोजचीच गोष्ट होती.

इर्माच्या हातातली पिरोही तशीच राहिली.

ऑक्टोबरातही चर्चच्या जत्रेसाठी पिरोही वळायचा गुरुवारच होता. हात पिठातच होते. मग लाल पाकिटातले कागद लिहिले कुणी? या बायकांनी एकेक करून आपला नंबर पिठावरून ओरडून सांगितला असणार, आणि ज्या बाईला पीठ चालत नाही तिने तो लिहून घेतला असणार. व्हेरोना म्हणालीच होती, "लिही." पण कुणाला सांगितलं ते तिला सांगावंसंही वाटलं नव्हतं. डॉलीने लिहिणं म्हणजे कुणीच न लिहिणं.

तिने हात धुतले आणि ॲग्नेसचा कागद उजेडात तिरका धरला. अक्षरं होती, पण पेनाच्या टोकाची शाई कुठेच नव्हती. रजिस्टर पत्रांच्या पावत्यांत तिने जन्म घालवला होता. वरचा कागद कार्यालयाला, खालचा गिऱ्हाइकाला. पेन संपत आलं नव्हतं. या सगळ्यांच्या घरी खालचा, कार्बनने उमटलेला कागद होता.

मग वरचे कागद कुठे गेले?

तिने कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. डॉली तिच्याकडेच बघत होती. मग तिने कोट उचलला आणि मागच्या दाराने निघून गेली.

५

डॉलीचं घर व्हेरोनाच्याच इमारतीत होतं. तिने दार उघडलं, पण आत बोलावलं नाही. इर्मा आपणहून शिरली.

"स्टीव्हचा पट्टा एकदाही बांधलेला नाही, डॉली."

डॉलीने पुढे होऊन कोटांचं कपाट उघडलं. कोट एकच होता. बाकी खालपासून वरपर्यंत खोकी. कमरेचे पट्टे, मनगटाचे, घोट्याचे, सगळे डॉलीच्या नावाने. मिलानने सांगायचं नाकारलेली ती खोकी.

"नाताळपासून येतायत," ती म्हणाली. "पहिलं आलं तेव्हा वाटलं चूक झाली. चौथं आलं तेव्हा कळलं. त्या नंबरांवर विम्याकडून पैसे उकळतायत, माल पाठवोत न पाठवोत."

"कुणी पाठवली होती ती लाल पाकिटं?"

"एका मुलीचा फोन आला होता. म्हणाली, ज्येष्ठांच्या सुरक्षेसाठी मोफत संच देतोय. तुमच्या चर्चला किती पाठवू? बत्तीस पाठवले. वरचे कागद परत धाडायला तिकीट लावलेला लिफाफाही दिला होता. म्हणाली, ते ॲम्ब्युलन्सच्या कार्यालयात राहतील." डॉली हातातले मोजे काढत-घालत होती. "ती दर मंगळवारी फोन करायची, इर्मा. हातांचं कसं आहे विचारायची. मलम सांगायची. दोन वर्षांत माझ्या हातांबद्दल कुणी विचारलंय? तुम्ही म्हणालात, डॉली, तू तिकडे बस, लिहीत जा. आणि वळायला लागलात."

ते खरंच होतं.

"लिफाफा टाकला आणि तिचा फोन बंद झाला. मी दोन मंगळवार वाट बघितली. मग मीच केला, तर नंबरच अस्तित्वात नाही म्हणे. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू. मग व्हेरोना पडली."

"परवा डेनिस येतोय. त्याला वाटतंय आईचं डोकं चाललं. आणि डॉली, आता तिलाही तसंच वाटायला लागलंय."

डॉली खोक्यांकडे बघत राहिली. "तू सांग ना त्यांना. तुला सगळं कळलंच आहे."

"मी सांगितलं तर तो माझा तर्क. डेनिस म्हणेल, मैत्रीण मैत्रिणीला सांभाळून घेतेय. तू सांगितलंस तर व्हेरोनाला तिचं डोकं परत मिळेल."

"आणि मला काय मिळेल?"

इर्मा दाराशी थांबली. खोटं सांगणं सोपं होतं.

"ते मला नाही माहीत," ती म्हणाली.

६

शनिवारी दुपारी डेनिस आईच्या स्वयंपाकघरात बसला होता, समोर ॲरिझोनाच्या खोलीचे रंगीत कागद. माणूस वाईट नव्हता. आईला कळ आली की त्याच्याही तोंडावर येत होती.

"आई, खोलीला खिडकी आहे. बाहेर लिंबाची झाडं आहेत."

"मला लिंबू आवडत नाही."

"इर्माकाकू, तुम्ही तरी सांगा हिला. आज पट्टा झाला. उद्या आणखी कुणाला काय देईल आणि विसरेल."

व्हेरोना एरवी ताडकन बोलली असती. आज ती फक्त म्हणाली, "कदाचित त्याचं बरोबर असेल." आणि पेन शोधायला लागली.

इर्मा घड्याळाकडे बघत होती. दोन वाजून गेले. सव्वादोन. व्हेरोनाला पेन सापडलं.

दार वाजलं.

डॉली आत आली ती काखेत एक खोकं घेऊन. ते तिने रंगीत कागदांवरच ठेवलं. हातांत मोजे नव्हते. लाल, भेगाळलेले हात तिने टेबलावर टेकले.

"डेनिस, नंबर तुझ्या आईने दिला नाही. मी दिला. हिच्या एकटीचा नाही, बत्तीस जणींचा. हिने मला सांगितला, मी लिहिला, आणि मीच पोस्टात टाकला. ती काहीही विसरलेली नाही."

मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं. मंगळवारच्या फोनांसकट.

"म्हणजे मी विसरले नव्हते," व्हेरोना म्हणाली. मग पुन्हा, मुलाकडे वळून, "मी विसरले नव्हते."

"नाही, आई."

"आणि तू!" ती डॉलीकडे वळली. डॉलीने मान खाली घातली. "अक्रोड कशाला लिहिलास मूर्खासारखा? इर्माचा रोल खाताना तू डोळ्यांनी बघितलं होतंस मला!"

"तू म्हणालीस लिही. मी लिहिलं."

"मी स्टेलाला ऐकवत होते!"

"मला काय माहीत? मी खाली मान घालून लिहीत होते."

व्हेरोनाला हसू आलं आणि हसण्याने पाठीत कळ आली. "अगं आई गं," ती विव्हळली, आणि डॉलीचा हात तिने इतका घट्ट धरला की दुखला असेल. सोडला मात्र नाही. तसाच धरून म्हणाली, "तीन महिने गप्प बसलीस. ते मी लवकर विसरणार नाही हं. डोकं शाबूत आहे माझं."

"नको विसरूस," डॉली म्हणाली.

सोमवारी डेनिसने स्वतः डॉलीला शेजारी बसवून विमा कार्यालयाच्या फसवणूक विभागाला फोन लावला. तिने सही करून जबाब दिला. खोक्यांवरचे पत्ते इर्माने एका कागदावर उतरवून काढले. चौदा खोकी आणि पाठवणारं ठिकाण एकच. बत्तीसही जणींचे जुने नंबर रद्द झाले. व्हेरोनाचा पट्टा अकराव्या दिवशी आला, मापाचा. डेनिस एकटाच परत गेला, सोबत गोठवलेल्या पिरोहींच्या चार पिशव्या.

रेनेला फोन व्हेरोनाने स्वतः केला. इर्मा शेजारी बसली होती, पण शब्द व्हेरोनाचेच होते. रेने परत आली. यादीचा फोटो मात्र काढेना. "तुम्ही वाचा, मिस व्हेरोना," ती म्हणाली, "मी लिहून घेते." हे किती दिवस चालणार होतं ते व्हेरोनाने विचारलं नाही.

आणि मग उपवासातला शेवटचा गुरुवार आला. तळघरात पीठ तयार होतं. विमा कार्यालयाचे तक्रारीचे कागद आले होते, प्रत्येकीने भरायचे होते. डॉली सवयीने आपल्या छोट्या टेबलाशी जाऊन बसली, पेन उचललं, आणि मग खाली ठेवलं.

"नव्या कार्डाचा नंबर ना?" ॲग्नेसने पिठातून मान वर करून आवाज लावला. "लिही गं, एक…"

ती थांबली. सगळं टेबल थांबलं.

व्हेरोना पट्टा बांधून उभी होती, टेबलाच्या टोकाशी, पाच आठवड्यांत पहिल्यांदाच खुर्चीशिवाय. तिने पिठातले हात वर काढले. सावकाश मोरीपर्यंत गेली. बोटं एकेक करून धुतली. मग छोट्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सरक जरा. मी लिहिते माझा."

तिच्यामागे ॲग्नेस. ॲग्नेसच्या मागे स्टेला. मोरीपासून टेबलापर्यंत रांग लागली. पिरोही कधी नव्हे त्या थांबून राहिल्या.

डॉलीला लिहायला काही उरलं नव्हतं. ती जरा वेळ तशीच बसली. मग उठली, खुंटीवरचा टॉवेल काढला आणि मोरीशी उभी राहिली. एकेक ओला हात आला की ती टॉवेल पुढे करत होती.

"हातांचं कसं आहे, डॉली?" इर्माने आपले हात पुसता पुसता विचारलं.

"आज जरा बरं आहे," डॉली म्हणाली.